उथळ तळ्यातला क्रॅपी: बर्फावर गळ टाकताना या चुका टाळा

क्रॅपी, म्हणजे उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला एक मासा, गळाला लागत नाही म्हणून वैतागलेल्या बहुतेकांचा गळ माशाच्या खाली लटकत असतो. क्रॅपीचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात आणि तो वर बघून खातो. खालून जाणाऱ्या आमिषासाठी तो सहसा वाकत नाही. पण तळाजवळ राहणाऱ्या वॉलाय माशाच्या मासेमारीला सरावलेला माणूस सवयीने जिग (वजन लावलेला छोटा गळ) तळाला टेकवतो, वीतभर उचलतो आणि बसून राहतो. पाणी १२ फूट असेल आणि थवा ८ फुटांवर तरंगत असेल, तर तासन्‌तास बसूनही हाती काही लागत नाही. सोनारवर (पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) मासा ८ फुटांवर दिसला की जिग ७ फुटांवर ठेवा. सोनार नसेल तर बर्फाच्या खालून सुरुवात करून फूट-फूट खाली जा.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागातल्या १०-१५ फुटी तळ्यांत हे जास्तच खरं ठरतं, कारण तिथे प्राणवायूचा खेळ असतो. बर्फावर हिमाचा जाड थर साचला की उजेड खाली पोचत नाही. पाणवनस्पती प्राणवायू सोडेनाशा होतात, मरतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात. ही टंचाई तळाच्या गाळापासून सुरू होते, म्हणून हिवाळा सरत जातो तसे मासे वर सरकतात. हिमाचा जोर फारच असेल तर अख्ख्या तळ्यातले मासे मरतात. त्यामुळे डिसेंबरात हिरव्या वनस्पतींच्या कडेला मासे मिळाले म्हणून जानेवारीच्या अखेरीसही तिथेच भोकं पाडणं ही मोठी चूक. वनस्पती तपकिरी झाल्या की मासे तळ्याच्या सर्वात खोल भागाकडे जातात, मग तो भाग बाकीच्या तळ्यापेक्षा दोनच फूट खोल का असेना. नकाशात तो आधी शोधून ठेवा.

बर्फाचा अंदाज

उथळ तळी आधी गोठतात, म्हणून मोसमातले पहिले उत्साही लोक तिथेच उतरतात. मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं पायी जाण्यासाठी किमान ४ इंच स्वच्छ, नवा बर्फ सांगतं. पांढरा, हिम मिसळलेला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट जाडी धरा. किनाऱ्याजवळची जाडी मोजून पुढे निर्धास्त चालू नका. लोखंडी पहारीने ठोकत, तपासत जा. लव्हाळ्यांच्या आसपास, ओढा येऊन मिळतो तिथे आणि पाण्यात हवा सोडणारी यंत्रं चालतात तिथे बर्फ पातळ असतो. यंत्र असलेल्या तळ्यावर तशा पाट्या लावलेल्या असतात, त्या वाचा. पाण्यात पडल्यास बाहेर येण्यासाठी बर्फात रोवायचे खिळे गळ्यात अडकवल्याशिवाय कुणीही उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. तंबूत हीटर लावणार असाल तर हवेची झडप उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आवाज आणि उजेड

सात-आठ फूट पाण्यात ऑगरची (बर्फाला भोक पाडणाऱ्या गिरमिटाची) घरघर माशाच्या डोक्यावरच होते. एक भोक पाडलं, पाच मिनिटं बसलं, की दुसरं पाडलं, असं केलं तर थवा पांगतो. लागतील तेवढी भोकं आल्या आल्या पाडून घ्या, मग सगळं शांत होऊ द्या. भोकाभोवतालचं हिम खरवडून चकाचक करू नका. त्या मोकळ्या जागेतून उजेडाचा झोत खाली जातो. भोकातला भुगाही सगळा उपसायची गरज नाही, दोरा जाईल एवढी वाट पुरे.

जिग फिरते का ते बघा

ही चूक दिसत नाही, म्हणून सर्वात जास्त मासे घालवते. जिग भोकात फूटभर सोडा आणि वाकून बघा. ती गरगर फिरून थांबते आणि मग उलटी फिरते आहे? मग दोऱ्याला पीळ बसला आहे. क्रॅपी जवळ येतो, नाक लावतो आणि परत जातो. पीळ येतो तो बहुधा छोट्या स्पिनिंग रीलमुळे (दोरा गुंडाळायच्या फिरकीमुळे). जिग स्थिर होईपर्यंत दोरा लोंबू द्या किंवा सरळ दोरा सोडणारं इनलाइन रील घ्या. दोरा २ ते ४ पौंडांची ओढ सोसणाराच हवा. दुसरी गोष्ट गाठीची: गाठ जिगच्या नाकात पुढे सरकली की जिग तिरकी लटकते. प्रत्येक माशानंतर नखाने ती जागेवर आणा, जिग आडवी राहिली पाहिजे.

सोनारवर मासा वर येऊन जिगखाली थबकला की हात आवरा. जोरात नाचवलेली जिग त्याला बिचकवते. हळूहळू, इंच-इंच वर उचला. तो पाठोपाठ आला तर घेतोच.

दोऱ्यावरचा तरंगता फुगा बुडायची वाट बघणंही चुकीचं. क्रॅपी आमिष घेऊन वर जातो, त्यामुळे फुगा आडवा पडतो, काठीच्या टोकाला स्प्रिंग असेल तर ती वर उठते, दोरा ढिला होतो. तीच खूण. नदीवर बांबूच्या काठीने मासे धरलेल्या हाताला हिसक्याची सवय असते, पण क्रॅपीच्या तोंडाचं कातडं कागदासारखं फाटतं. मनगट नुसतं उचला, दोरा ताठ ठेवून सावकाश ओढा आणि माशाचं तोंड भोकाकडे वळल्यावरच त्याला बाहेर घ्या.

सूर्य टेकला की सामान आवरू नका. तिन्हीसांजेचा तास आणि अंधार पडल्यानंतरची वेळ हीच क्रॅपीची.

शेवटचं थोडं पोटतिडकीने. मिनेसोटात रोजची मर्यादा साधारणपणे १० क्रॅपींची आहे, काही तळ्यांवर त्याहूनही कमी. पण लहान तळ्यातला सगळा थवा एकाच खोलगट भागात जमलेला असताना रोज मर्यादेपर्यंत नेणं मला पटत नाही. कढईपुरते नऊ-दहा इंची घ्या, बारा इंचांवरचे सोडा. सोडायचा मासा फोटोसाठी हिमावर ठेवू नका: कडाक्याच्या थंडीत त्याचे कल्ले आणि डोळे बघता बघता गोठतात. भोकाजवळच गळ काढा आणि त्याला डोक्याकडून पाण्यात सोडा.