घरच्या फोटोंसाठी जुन्या लॅपटॉपवर इमिच

गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. १५ जीबी भरली की दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर जागा मोकळी करा. आमच्या घरात आई, भाऊ-वहिनी आणि मी, सगळ्यांचे फोटो आता घरातल्याच एका जुन्या लॅपटॉपवर येतात. त्यावर इमिच हे फोटो साठवून दाखवणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालतं.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम हवी. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाका, डेस्कटॉपशिवाय, म्हणजे खिडक्या-चिन्हांचा पडदा न घेता. झाकण मिटलं तरी तो झोपू नये, ही सेटिंग लगेच करा. लॅपटॉप घ्यायचं मोठं कारण त्याची बॅटरी: लाइट गेली तरी सर्व्हर, म्हणजे फोटो पुरवणारा हा लॅपटॉप, चालू राहतो.

मग डॉकर बसवा; तो सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवतो. इमिचच्या साइटवर दोन फाइली मिळतात, एक कंपोजची (कुठले कंटेनर चालवायचे ते डॉकरला सांगणारी) आणि एक सेटिंगची. सेटिंगच्या फाइलमध्ये फोटोंची जागा, डेटाबेसची जागा आणि पासवर्ड एवढंच बदलायचं. डेटाबेस आतल्या एसएसडीवरच ठेवा. फोटो बाहेरच्या मोठ्या डिस्कवर चालतील, पण ती एक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या. कंटेनर सुरू झाले की घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट २२८३ टाका. पहिलं खातं बनवणारा अ‍ॅडमिन होतो. प्रत्येकाला वेगळं खातं द्या. आईचे फोटो आईच्याच नावावर राहू देत.

फोनमधल्या अ‍ॅपमध्ये कुठले अल्बम चढवायचे ते विचारतात. कॅमेरा निवडा, व्हॉट्सअ‍ॅप सोडा, नाहीतर रोजच्या शुभ सकाळच्या चित्रांनी डिस्क भरेल.

जुने फोटो गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून देणाऱ्या गूगलच्याच सेवेतून, उतरवा. त्यात तारीख आणि ठिकाणाची माहिती वेगळ्या जेसन फाइलींमध्येही असते. नुसते फोटो उचलून टाकले तर लग्नाचा अल्बम आजच्या तारखेखाली दिसू शकतो. इमिच-गो हे छोटं साधन झिप फाइली तशाच घेतं आणि तारखा जुळवून देतं.

घराबाहेरून फोटो पाहायचे तर राउटरवर पोर्ट उघडू नका, म्हणजे सर्व्हर थेट इंटरनेटवर मांडू नका. आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतोच, त्यामुळे ते चालतही नाही. लॅपटॉपवर आणि सगळ्यांच्या फोनवर टेलस्केल बसवा; ते आपल्याच उपकरणांना खासगी नेटवर्कमध्ये जोडतं. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, लाइट गेल्यावर राउटर बंद पडला तर लॅपटॉपची बॅटरी एकटी पुरत नाही.

आता बॅकअप. याच्याशिवाय बाकी सगळं धोक्याचं आहे, आणि इथे मी कुणाचंच ऐकत नाही. फोटो एकाच डिस्कवर असतील तर ते क्लाउडवरच बरे होते. दुसरी डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा फोटोंचं सगळं फोल्डर आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने तिच्यावर उतरवा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आमची मावशीकडे असते. अल्बम आणि चेहऱ्यांची नावं डेटाबेसमध्ये असतात. इमिच रोज रात्री त्याची प्रत बॅकअप्स नावाच्या फोल्डरमध्ये काढतं, तेही त्याच डिस्कवर न्या. मग दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती प्रत खरोखर उघडून पाहा. अल्बम जसेच्या तसे दिसले की मगच गूगलवरचे फोटो काढायला हात लावा.

अपडेट करण्याआधी त्या आवृत्तीच्या सूचना वाचा. आणि सगळे पासवर्ड वहीत लिहून घरातल्या आणखी एकाला सर्व्हर चालू-बंद करायला शिकवा.