ड्युटेरियम लावलेलं इंटर्नल स्टँडर्ड वापरताना या चुका टाळा

इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घातलेला, औषधासारखाच पण ड्युटेरियममुळे (जड हायड्रोजन, म्हणजेच लेबल) थोडा जड रेणू; त्याच्याशी तुलना करून औषध मोजतात. झिरो सॅम्पल म्हणजे औषध नसलेला, फक्त इंटर्नल स्टँडर्ड घातलेला प्लाझ्मा. एलसी-एमएसवर (कॉलममधून रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणारं यंत्र) त्यात औषधाचा पीक दिसला की हात आधी सुई धुवायला आणि कॉलम बदलायला जातो. मीही असे दोन दिवस घालवले आहेत. साधा ब्लँक (स्टँडर्डही न घातलेला प्लाझ्मा) स्वच्छ होता, तिथेच लक्षात यायला हवं होतं की दोष स्टँडर्डमध्ये आहे.

आमच्या रेणूत ड्युटेरियम कार्बोनिलशेजारच्या कार्बनवर होतं आणि एक्स्ट्रॅक्शन (प्लाझ्मातून औषध वेगळं काढणं) अमोनिया घालून चालायचं. अल्कलीत तिथलं ड्युटेरियम सुटतं, पाण्यातला हायड्रोजन त्याची जागा घेतो. सगळं लेबल गळालेला रेणू म्हणजे अस्सल औषधच! ओएच आणि एनएचवरचं ड्युटेरियम तर नुसत्या पाण्यातही टिकत नाही. म्हणून खरेदीआधी रचना कागदावर काढा आणि प्रत्येक ड्युटेरियम कुठे बसलंय ते बघा.

ताजा झिरो सॅम्पल लगेच इंजेक्ट करा, तोच ऑटोसॅम्पलरमध्ये ठेवून 24 तासांनी पुन्हा करा. पीक वाढला तर लेबल गळतंय. पहिल्यापासून तेवढाच असेल तर लेबल नसलेलं औषध बाटलीतूनच येतंय. सर्टिफिकेटवरची रासायनिक शुद्धता 99 टक्के असली तरी हे कळत नाही. आयसोटोपिक शुद्धता, म्हणजे किती रेणूंवर पूर्ण लेबल आहे, ती वेगळी वाचावी लागते. समजा 0.5 टक्के रेणू बिनलेबलचे आहेत आणि स्टँडर्ड 500 नॅनोग्रॅम प्रति मिली घातलंय. म्हणजे 2.5 नॅनोग्रॅम औषध तुम्हीच ओतलंत. तुमची मोजणीची खालची मर्यादा 1 नॅनोग्रॅम असेल तर पद्धत तिथेच कोसळते. स्टँडर्ड 40 वर आणलं की हा वाटा 0.2 होतो, म्हणजे मर्यादेच्या 20 टक्के, जेमतेम चालण्याजोगा.

एकच ड्युटेरियम असलेलं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. वीस कार्बनांच्या औषधात कार्बन-13 मुळे एकने जड रेणूंचा पीक मुळात सुमारे 22 टक्के असतो, त्यात स्टँडर्ड बुडून जातं. निदान तीन हवीत, क्लोरीन असेल तर आणखी. यंत्रात रेणू फुटून मोजला जाणारा तुकडा, म्हणजे फ्रॅगमेंट, त्यातही लेबल उरतंय ना, हे तपासा.

पण जास्त ड्युटेरियमनेही त्रास होतो. असा रेणू रिव्हर्स्ड फेज कॉलममधून किंचित आधी बाहेर पडतो आणि दोघांवरचं आयन सप्रेशन (प्लाझ्मातल्या इतर घटकांमुळे सिग्नल दबणं) सारखं राहत नाही. पाच ड्युटेरियमच्या कार्वेडिलॉलबाबत हे 2007 मध्ये छापून आलं आहे. वेगवेगळ्या प्लाझ्मा लॉटमध्ये उत्तर हलत असेल तर दोन्ही पीक एकावर एक ठेवून बघा. सरकलेले दिसले तर ग्रेडियंट (कॉलममधल्या द्रावकाचं बदलतं मिश्रण) थोडा आखूड करा, नाहीतर कार्बन-13 चं स्टँडर्ड मागवा. महाग पडतं, पण औषधाच्या जोडीनेच बाहेर येतं.