टर्बो बसवायचाय? आधी तेल खाली कसं येणार ते सांगा

एनए, म्हणजे टर्बोशिवाय स्वतःच हवा ओढणाऱ्या पेट्रोल इंजिनाला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) लावायचं वेड घेऊन गॅरेजात येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: किती बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, द्यायचा? इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) कशाला, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला वळवणारी झडप) कधी उघडतं, हे सगळं तुम्ही वाचून आलेले असता, त्यात वेळ घालवत नाही.

मला रडवलं ते तेलानं. गाडी सुरू झाली, बूस्टही आला, पण सिग्नलला थांबलं की मागून निळा धूर. वाळूजपासून चिकलठाण्यापर्यंत ज्याला दाखवावी तो म्हणे, "सील गेलं." रिपेअर किट टाकलं, मग अख्खा टर्बो बदलला, धूर तसाच.

टर्बोत गिअरबॉक्ससारखं रबरी सील नसतंच, हे कोणी धड सांगत नाही. शाफ्टवर पिस्टन रिंगसारखी एक बारीक रिंग असते. आतलं तेल वेळेवर निघून गेलं तरच ती पुरते, तुंबलेलं तेल ती अडवू शकत नाही. बेअरिंगला तेल प्रेशरनं जातं, पण बाहेर येतं ते फेसाळलेलं आणि निव्वळ स्वतःच्या वजनानं. म्हणून परतीचा पाइप आतून अर्ध्या इंचाहून बारीक नको, चेंबरपर्यंत (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं ते भांडं) सलग उतार हवा, मधे झोळ नको. आणि चेंबरवरचा जोड तेलाच्या पातळीच्या वर. इंजिन बंद असताना डिपस्टिकची वरची खूण जिथं येते, त्याच्याही वर. माझ्या गाडीत लेथवाल्यानं हात पोचेल तिथं, म्हणजे पार खाली, भोक पाडलं होतं. वेल्डिंग करताना चेंबर उतरवूनच करा, नाहीतर कचरा थेट ऑइल पंपात.

एवढं करूनही धूर राहिला तर ब्रीदर, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी वाट, बघा. बूस्टमध्ये रिंगांच्या बाजूनं जास्त गॅस खाली उतरतो, चेंबरमध्ये दाब साठतो आणि तोच तेलाला वर रोखून धरतो. त्यात पीसीव्हीची (चेंबरमधला गॅस परत इंजिनात ओढून घेणारी) नळी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपांना, तशीच जोडलेली असेल आणि व्हॉल्व्ह ढिला असेल, तर बूस्ट सरळ चेंबरमध्ये शिरतो. तिथं एकदिशा व्हॉल्व्ह टाका. तेलाचं झाकण सैल केल्यावर धूर कमी झाला तर टर्बोला शिव्या देऊ नका.

घाबरू नका, हे एकदा हाताखालून गेलं की बाकीचं जमतं. अपवाद ट्यूनिंगचा. परभणीत डिसेंबरातल्या पहाटे केलेला मॅप (इंधन आणि स्पार्क किती, कधी द्यायचा याची कॉम्प्युटरमधली सेटिंग) मेच्या दुपारी नॉकिंग करणारच, म्हणजे इंधन अवेळी भडकून इंजिन ठोके देणारच. 43 अंशांची हवा अर्धा बार दाबली की कंप्रेसरमधून बाहेर पडताना शंभरीला टेकते. त्यात मूळ कंप्रेशन (सिलिंडरात हवा किती पट दाबली जाते ते) 10 किंवा 11:1 असेल तर पिस्टनच्या रिंगांमधली कडा आधी तुटते. वाइडबँड मीटरशिवाय (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) बूस्ट देणाऱ्याला मी गॅरेजात उभा करत नाही. फुल लोडला हवा-इंधनाचं प्रमाण 12:1 च्या आसपास आणि मागे घेतलेलं, म्हणजे उशिरा केलेलं स्पार्कचं टायमिंग, त्यावर तडजोड नाही.

डिझेल गाडीचा भंगारातला टर्बो स्वस्तात मिळतो, पण पेट्रोलचा एक्झॉस्ट जास्त तापतो, हे विकणारा सांगणार नाही. आणि उस्ताद निवडायचाच तर ज्याच्या टेबलावर फुटके पिस्टन पडलेले दिसतात तो निवडा. सायलेन्सरमधून फटाके फोडून दाखवणाऱ्याकडून आवाजच शिकाल.

घरची गाडी मात्र यात घालू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असे फेरफार चालत नाहीत, आणि विम्याचा क्लेम अडकला तर घरचे तुम्हालाच विचारतील. एखादं चालू इंजिन भंगारातून उचला, स्टँडवर बांधा, परतीचा पाइप सोडून बाटलीत धरा आणि आयडलला तेल कसं पडतं ते बघा. थेंब थेंब येत असेल तर बूस्टचं नाव काढू नका.