संमिश्र संख्यांच्या पलीकडे : अभ्यासाचा क्रम कसा ठेवावा

संमिश्र संख्यांच्या पुढच्या संख्यापद्धतींकडे वळणारे अनेक विद्यार्थी थेट ऑक्टोनियन या आठ घटकांच्या संख्यापद्धतीपाशी जाऊन पोहोचतात, कारण मूलकणांचे कोडे तिथेच उलगडणार असल्याची वर्णने त्यांच्या वाचनात आलेली असतात. सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकताना, आणि पुढे शिकवताना, मला याच्या उलट क्रम उपयोगी पडला. दोन मितींपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारावेत : या पद्धतीत गणिताचा कोणता नियम गमावला, आणि त्या बदल्यात निसर्गातील कोणती सममिती हाती आली?

दोन मितींमध्ये पर्याय तीनच आहेत. नव्या एककाचा वर्ग उणे एक घेतला तर नेहमीच्या संमिश्र संख्या मिळतात, शून्य घेतला तर ड्युअल संख्या मिळतात आणि अधिक एक घेतला (मात्र ते एकक स्वतः अधिक एक किंवा उणे एक नसले) तर स्प्लिट संमिश्र संख्या मिळतात. पहिल्या पद्धतीतील घातांकी फलन प्रतलात परिभ्रमण घडवते, दुसरीतील फलन गॅलिलिओचे रूपांतरण देते, तर तिसरीतील फलन लोरेंट्झचे, म्हणजे विशिष्ट सापेक्षतेतील. तिसऱ्या पद्धतीवर नवख्याने मुद्दाम वेळ घालवावा. तिथे संख्येच्या मापांकाचा वर्ग दोन घटकांच्या वर्गांच्या बेरजेऐवजी वजाबाकीने मिळतो, आणि वास्तव घटकाला काळ व दुसऱ्याला अंतर मानले की हाच विशिष्ट सापेक्षतेतील अविचल अंतराल ठरतो. अशा दोन घातांकी संख्यांचा गुणाकार कागदावर केला की वेगांच्या बेरजेचा सापेक्षतावादी नियम आपोआप बाहेर पडतो. या पद्धतीत एक अधिक एकक आणि एक उणे एकक यांचा गुणाकार शून्य येतो, म्हणजे शून्य नसलेल्या काही संख्यांनी भागता येत नाही. गणिताच्या पुस्तकात हा दोष म्हणून नोंदवलेला असतो, पण भौतिकशास्त्रात त्याच संख्या प्रकाशकिरणांच्या दिशा दाखवतात. नियम मोडला म्हणून पद्धत टाकून देऊ नये, हे इतक्या लहान उदाहरणातून जितके पटते तितके मोठ्या सिद्धांतातून पटत नाही.

त्यानंतर क्वाटर्नियन, म्हणजे चार घटकांच्या संख्या घ्याव्यात. हॅमिल्टन यांना ते १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये सुचले, आणि त्यांची किंमत म्हणजे गुणाकारातील क्रमनिरपेक्षता (क्रम बदलला तरी उत्तर तेच येण्याचा नियम). ती मोजणे रास्तच आहे, कारण अवकाशातील दोन परिभ्रमणांचा क्रम बदलला की परिणामही बदलतो. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्ध्या कोनाची आहे : सदिशाला एका बाजूने क्वाटर्नियनने आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या व्यस्ताने गुणावे लागते, म्हणून क्वाटर्नियनमध्ये इच्छित कोनाचा निम्मा कोन येतो आणि अधिक व उणे चिन्हाचे दोन क्वाटर्नियन एकच परिभ्रमण दाखवतात. पूर्ण ३६० अंश फिरल्यावर क्वाटर्नियन उणे एक होतो, ७२० अंशांनंतर पूर्ववत होतो. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे (त्याच्या अंगभूत कोनीय संवेगाचे) वर्तन नेमके असेच असते, आणि न्यूट्रॉनच्या बाबतीत हा चिन्हबदल १९७५ मध्ये व्यतिकरणाच्या प्रयोगांत मोजला गेला. स्पिनसाठी वापरल्या जाणाऱ्या तीन पाउली मॅट्रिक्सना उणे i ने (i म्हणजे संमिश्र संख्यांचे एकक) गुणले की क्वाटर्नियनची तीन एकके मिळतात, हे एकदा स्वतः पडताळून पाहिले की स्पिनचा धडा निम्मा हलका होतो. क्वाटर्नियनचा इतिहास मात्र थोडक्यात आटोपावा. गिब्ज आणि हेव्हिसाइड यांनी त्यांच्यातूनच अदिश व सदिश गुणाकार वेगळे काढले, एवढे कळले तरी पुरे.

क्लिफर्ड बीजगणितापाशी, म्हणजे प्रत्येक दिशेच्या एककाचा वर्ग अधिक किंवा उणे एक असतो आणि दोन वेगळ्या एककांचा क्रम बदलला की गुणाकाराचे चिन्ह बदलते अशा पद्धतीपाशी, मात्र घाई करू नये, कारण भौतिकशास्त्राचा खरा कामाचा विस्तार हाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लिफर्ड यांनी १८७८ मध्ये मांडलेली कल्पना कितीही मितींसाठी चालते, आणि तिच्यात साहचर्य (तीन राशींच्या गुणाकारात कंस कुठेही दिला तरी उत्तर तेच येणे) टिकून राहते. डिरॅक यांनी १९२८ मध्ये ऊर्जा व संवेग यांच्या वर्गांच्या समीकरणाचे ‘वर्गमूळ’ काढण्यासाठी परस्परांशी प्रतिक्रमी (क्रम बदलला की गुणाकाराचे चिन्ह बदलणाऱ्या) अशा चार राशी शोधल्या, तेव्हा त्यांना हेच बीजगणित नव्याने सापडले.

ऑक्टोनियन यानंतर. ग्रेव्हज यांनी ते १८४३ च्या अखेरीस शोधले, आणि त्यांत साहचर्यही जाते. हुर्विट्झ यांच्या १८९८ च्या प्रमेयानुसार मापांकांचा गुणाकार टिकवणारी अशी भागाकारक्षम बीजगणिते फक्त १, २, ४ आणि ८ मितींची असतात. यांत दोन मिळवल्यावर येणाऱ्या ३, ४, ६ व १० या मितींमध्येच अतितंतूंचा (सुपरस्ट्रिंगचा) अभिजात, म्हणजे क्वांटम परिणाम न धरलेला, सिद्धांत मांडता येतो, आणि हा संबंध केवळ आकड्यांचा योगायोग नाही. ऑक्टोनियनचे एक काल्पनिक एकक स्थिर ठेवले की उरणारी सममिती क्वार्कच्या रंगांच्या सममितीशी जुळते, हेही खरे. तरीही या वाटेने प्रमाणित प्रतिकृतीपलीकडचे (मूलकणांच्या सध्याच्या मान्य सिद्धांतापलीकडचे), प्रयोगाने सिद्ध झालेले भाकीत अद्याप हाती आलेले नाही. त्यामुळे संशोधनाचा पहिला विषय म्हणून हा पर्याय मी कोणालाही सुचवत नाही. संमिश्र संख्यांऐवजी क्वाटर्नियन वापरणाऱ्या पुंजयामिकीचीही (क्वांटम मेकॅनिक्सचीही) अडचण अशीच मूलभूत आहे, कारण क्रमनिरपेक्षता नसल्यामुळे दोन स्वतंत्र प्रणालींची एकत्रित अवस्था नैसर्गिकपणे लिहिता येत नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. कोणताही शोधनिबंध वाचण्याआधी त्यातील चिन्हांचा संकेत तपासावा. अवकाशकाळाच्या तीन एककांचे वर्ग अधिक आणि एकाचा उणे घेतला तर वास्तव क्लिफर्ड बीजगणित चार बाय चार वास्तव मॅट्रिक्सचे होते. संकेत उलटा घेतला तर तेच दोन बाय दोन क्वाटर्नियन मॅट्रिक्सचे होते. संमिश्र सहगुणक वापरले की हा फरक नाहीसा होतो, म्हणून दोन्ही निबंधांतील भौतिकशास्त्र एकच असू शकते. पण मायोराना कणांसारख्या (स्वतःचेच प्रतिकण असणाऱ्या कणांसारख्या) वास्तव स्पिनरांच्या, म्हणजे स्पिन दाखवणाऱ्या राशींच्या, चर्चेत सूत्रे संकेत न पाहता उचलली तर हिशेब जुळत नाही.