जन्ममहिन्याचे फूल भेट देताना

जन्ममहिन्याच्या फुलांची आज प्रचलित असलेली यादी पाश्चात्त्य आहे आणि तिच्यातील अर्थांवर एकोणिसाव्या शतकातील व्हिक्टोरियन पुष्पभाषेची, म्हणजे प्रत्येक फुलाला ठरावीक अर्थ देण्याच्या पद्धतीची, छाप आहे. त्यामुळे ठाण्यात ती वापरताना आधी बाजारात काय मिळते ते पाहावे. मे महिन्याची लिली ऑफ द व्हॅली थंड हवेची असल्याने तिचा नाद सोडावा. जानेवारीचे कार्नेशन, जूनचा गुलाब, सप्टेंबरचा ॲस्टर मात्र सहसा मिळतात.

ऑगस्टचा ग्लॅडिओलस निग्रहाचे व सचोटीचे प्रतीक मानला जातो, आणि त्याची तलवारीसारखी पाने पाहता ते पटतेही. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या बाजारातून तो घेताना खालची दोन-तीन फुले उमललेली आणि वरच्या कळ्यांवर रंग दिसू लागलेला दांडा निवडावा, कारण कळ्या खालून वर क्रमाने उमलतात. घरी आणल्यावर दांड्याचे टोक तिरके कापावे व पाणी रोज बदलावे.

ऑक्टोबरचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो मृतांच्या स्मरणाचे फूल आहे, आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणाचे. नोव्हेंबरची शेवंती आपल्याकडे देवाला वाहतात, पण फ्रान्समध्ये ती थडग्यांवर ठेवण्याचे फूल मानली जाते. म्हणून परदेशी सहकाऱ्याला ती देण्यापूर्वी विचार करावा. माझ्या मते भेटीसोबत एका ओळीत अर्थ लिहून द्यावा, अन्यथा झेंडू पूजेतून उरला होता असेच घेणाऱ्याला वाटायचे.