खाऱ्या हवेतले कापडी विमान: आधी नळ्या, मग कापड

जुने कापडी विमान दुरुस्तीला घेतले की नजर आधी फाटक्या, भेगाळलेल्या कापडावर जाते. खरे तर कापड हा या कामातला सोपा भाग. विमान पुन्हा उडणार की भंगारात जाणार, हे कापडाखालच्या नळ्यांवर ठरते. कोकणात तर जास्तच, कारण इथे गंज बाहेरून दिसायच्या आधी नळीच्या आतून लागतो. पुढची पद्धत अमेरिकी पायपर कब किंवा आपल्याकडच्या पुष्पकसारख्या छोट्या विमानांसाठी आहे. पुष्पक १९५८ साली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमधून पहिल्यांदा उडाले. त्याला ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन. अशा विमानांचे फ्यूजलाज, म्हणजे धड, पोलादी नळ्यांचे असते, तर पंखांचे स्पार, म्हणजे पंखातल्या लांब मुख्य तुळया, काही विमानांत लाकडी, काहींत अ‍ॅल्युमिनियमचे.

कामाला हात लावण्याआधी परवानाधारक देखभाल अभियंता ठरवा आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कागदपत्रांचा मार्ग त्याच्याकडून समजून घ्या. एकदा कापड चढले की आतले काही दिसत नाही. म्हणून उघडा सांगाडा, वेल्डिंगनंतरचा सांगाडा आणि कापडाआधीची शेवटची जुळणी, या तिन्ही वेळी त्याची तपासणी आणि सही हवी.

कामाचे वेळापत्रक इथे पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर कापड काढणे, मोजमापे, लाकडाची तपासणी आणि सुट्या भागांची जमवाजमव. दसऱ्यानंतर नळ्यांची सफाई आणि प्राइमर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कापड, आणि शिमग्याच्या आत रंग पूर्ण. हा क्रम मोडून पावसात डोप, म्हणजे कापडावर चढवायचे लाखेसारखे द्रावण, मारायला गेलात तर सगळे काम दुसऱ्यांदा करावे लागेल.

जुने कापड फाडून टाकू नका, मोठ्या तुकड्यांत कापून काढा आणि प्रत्येक तुकड्यावर जागा लिहून ठेवा. शिवणीच्या भोकांमधले अंतर, झिरप-भोकांच्या (पाणी निथळून जाण्याच्या भोकांच्या) जागा, तपासणीच्या झाकणांच्या जागा हे सगळे त्या तुकड्यांवर असते. पंखात उंदरांची घरटी सापडतातच. त्यांच्या मुताने अ‍ॅल्युमिनियमच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, चाळणीसारख्या होतात, त्यामुळे घरट्याखालची प्रत्येक रिब धुऊन भिंगाखाली पाहा.

आता नळ्या. शेपटीखाली छोटे चाक असलेल्या विमानाची शेपटी जमिनीलगत असते, आणि आत शिरलेले पाणी खालच्या लाँजेरॉनच्या (धडाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य नळीच्या) मागच्या टोकाला साठते. तपासणी तिथून सुरू करा. या नळ्यांची भिंत अनेक ठिकाणी जेमतेम ०.०३५ इंच, म्हणजे ०.९ मिलिमीटर असते. नळीच्या खालच्या बाजूने स्प्रिंगच्या सेंटर पंचने (टोकदार ठोक्याच्या हत्याराने) दर काही सेंटीमीटरवर ठोका द्या. धडधाकट नळीवर लहान ठिपका उमटतो, पातळ झालेली नळी खोल दबते किंवा फुटते. अशी नळी घासून, पुट्टी भरून वाचत नाही. खराब भाग कापून ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाचा तुकडा बाहीच्या जोडाने, म्हणजे जोडावर बाहेरून दुसरी नळी चढवून, वेल्ड करावा लागतो. सांगाडा आधी जिगमध्ये (आकार पक्का धरणाऱ्या चौकटीत) पक्का धरा, नाहीतर एकाच जोडाच्या उष्णतेने शेपटी वाकडी होते.

नळ्यांची सफाई ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून करतात. त्यासाठी समुद्राची वाळू कधीही वापरू नका. ती फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण तिच्यातले मीठ नळीच्या पृष्ठभागात ठोकले जाते आणि सिलिकाची धूळ फुप्फुसे निकामी करते. गार्नेट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, दाब कमी ठेवा. ब्लास्टिंगआधी सांगाडा गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी बहुधा मचूळ असते, त्यापेक्षा पागोळ्यांचे साठवलेले पाणी बरे. उघडे पोलाद खाऱ्या हवेत काही तासांत तांबूस होते. त्यामुळे सकाळची वेळ निवडा: दव वाळल्यावर, वारा जमिनीकडून असताना ब्लास्टिंग करा आणि दुपारचा खारा वारा अंगावर येण्याआधी प्राइमरचा पहिला हात पूर्ण करा. जेवढे त्या दिवशी रंगवून होईल तेवढेच साफ करा. उघड्या हाताने नळीला स्पर्श नको. प्राइमर दोन भागांचा इपॉक्सीच हवा. साधा प्राइमर कापडाच्या सरसातल्या द्रावणाने विरघळून सुटतो, आणि त्याच्याबरोबर कापडही.

आतल्या बाजूसाठी नळीला छोटे भोक पाडून गरम उकळलेले जवसाचे तेल ओता आणि सांगाडा सगळ्या दिशांना फिरवून ते प्रत्येक कोपऱ्यात पोचू द्या. मग पूर्ण निथळवून भोक बंद करा. तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याही आतूनच गंजतात. पायपरच्या दांड्यांबाबत १९९३ मध्ये अमेरिकेत सक्तीच्या तपासणीचा आदेश निघाला होता. परवडत असेल तर सीलबंद नव्या दांड्या घ्याव्यात हे आमचे ठाम मत, कारण उड्डाणात पंखाचा भार त्यांच्यावर असतो.

लाकडी स्पारवर बॅटरीचा उजेड अगदी तिरपा, रेषांच्या दिशेने टाका. आडवी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती दाबाने पडलेली चीर आहे आणि तो स्पार बदलावा लागतो. दांडी जिथे जोडते तिथे आणि रिबच्या खिळ्यांजवळ विशेष शोधा. ओलावा मीटरवर १२ टक्क्यांच्या वर असेल तर वार्निश लावू नका, आत कोंडलेले पाणी लाकूड कुजवते. घरचा उत्तम साग हाताशी असला तरी स्पारला चालत नाही. तो स्प्रूसपेक्षा (स्पारसाठी वापरतात त्या हलक्या लाकडापेक्षा) बराच जड आणि अंगचा तेलकट, त्यामुळे सरस नीट धरत नाही.

नियंत्रणाच्या तारा सुती कापडाच्या तुकड्याने पुसत जा, जिथे कापड अडकेल तिथे तिच्या पेडातली बारीक तार तुटलेली आहे. पुलीखालचा भाग वाकवून पाहा, पहिली बारीक तार तिथेच तुटते.

आता कापड. ग्रेड ए सुती कापडाची नवेपणीची ताकद इंचाला ८० पौंड आणि ५६च्या खाली आले की ते काढायचे, हा जुना नियम. आता पॉलिएस्टर वापरतात, पण शिक्का असलेले विमानाचेच, बाजारातले नव्हे. एक प्रणाली निवडली की सरस, डोप, रंग सगळे तिचेच. दोन कंपन्यांची रसायने एकत्र केली तर थर सोलून निघतात, आणि प्रमाणपत्रही टिकत नाही.

कापड सैलसर चिकटवून इस्त्रीने ताणतात. पॉली-फायबर कंपनीच्या पद्धतीत कडांना साधारण १०७, पहिल्या फेरीला १२१ आणि शेवटच्या फेरीला १७७ अंश सेल्सियस लागतात. १९०च्या पुढे गेलात तर कापड कायमचे सैल होते. इस्त्रीच्या चकतीवरचे आकडे भरवशाचे नसतात आणि चकचकीत तळावर लेझर थर्मामीटर चुकीचे तापमान दाखवतो, म्हणून थर्मोकपलने (तळाला टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेच्या उपकरणाने) तपासा. दोन्ही बाजू आळीपाळीने ताणा, नाहीतर पातळ मागची कड पिळली जाते.

मग रिबची शिवण. आधी पट्टी, त्यावर मेणाचा दोरा, प्रत्येक टाक्याला गाठ. टाक्यांचे अंतर जुन्या तुकड्यांवरून घ्या, वाढवू नका. प्रोपेलरच्या झोताखालच्या आणि त्याला लागून बाहेरच्या एका रिबवर टाके जवळ असतात. त्यानंतर प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या जागी झिरप-भोक. इथल्या पावसात एकही भोक विसरून चालणार नाही.

डोपचे थर दुपारच्या कोरड्या हवेत, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत असताना मारा. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि पांढरट, कमकुवत साय धरते. तसे झाले तर वाळू द्या आणि कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणे मंदावणारे द्रावण) मिसळून हलका फवारा. चंदेरी थर हा कापडाचे उन्हापासूनचे संरक्षण आहे. आत दिवा धरून बाहेरून उजेड दिसेनासा होईपर्यंत तो द्या. त्यावर रंग मात्र कमीत कमी, प्रत्येक हात वजन वाढवतो.

सुधारणांमध्ये आधी नवे डिस्क ब्रेक, मग एलईडी दिवे आणि आपत्कालीन ट्रान्समीटर. मोठी, मऊ टायरे सड्यावरच्या जांभ्याच्या खड्यांत चांगली चालतात, पण वेग आणि वजनाची किंमत घेतात. प्रत्येक बदलाला मंजुरी लागते. जांभ्याचे खडे प्रोपेलरची पुढची कड खरवडतात. छोटी खाच मोठी होण्याआधी बारीक कानसीने गोलसर करून घ्या, खोल खाच असेल तर अभियंत्याला दाखवा.

शेवटी विमान तोलून नवा गुरुत्वमध्य नोंदवा, कारण कापड, रंग आणि चाकांनी जुने आकडे बदललेले असतात. किनाऱ्यालगत उडून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, झिरप-भोके काडीने मोकळी करा आणि पिटो नळीला (विमानाचा वेग मोजणाऱ्या उघड्या नळीला) लगेच टोपी घाला. कुंभारीण माशी एका दुपारीत तिच्यात मातीचे घर बांधते.