रोहिणीत ओढ्याकाठी जेसीबी लावू नका

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्याकडे पुणे जिल्ह्यात दोन आवाज सुरू होतात. झाडावर पावशाचा आणि ओढ्यात जेसीबीचा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, त्याचं ऐका. जेसीबीवाल्याला मात्र आजच्या आज परत पाठवा, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

मृग ७-८ जूनला निघतो म्हणून अजून वेळ आहे असं धरून चालू नका. २०२५ साली २६ मेलाच मान्सून पुण्यात पोचला होता. त्याच दोन-तीन दिवसांत बारामती, इंदापूर, दौंडकडे रानांत पाणी उभं राहिलं. नांगरट राहिली, पेरणी लांबली तर पुढं भरून काढता येतं. पण उन्हाळ्यात जेसीबीनं सोललेला ओढ्याचा काठ पहिल्याच वळवात सापडला, तर त्यावर पुढं काही उपाय नाही.

काठ सोलणं म्हणजे काय, ते पुरंदर, हवेली, खेड, मुळशी कुठंही फिरलात तरी दिसेल. ओढ्याच्या कडेची करंज, निर्गुडी, शिंदी, वाळुंज, खालचं गवत-लव्हाळा सगळं मुळासकट उपटायचं. वळणं कापून ओढा सरळ करायचा. दरड उभी तासायची आणि नांगर थेट कडेपर्यंत न्यायचा. कारण विचारलं की चारच उत्तरं मिळतात: दोन सऱ्या वाढतात, साप राहतात, डुकरं लपतात, पिकावर सावली पडते. चारही खरी आहेत. तरीही हे काम तोट्याचंच आहे.

कऱ्हा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर ओळखीच्या एका काकांनी असंच केलं होतं. काठ लखलखीत झाला, दोन सऱ्या ऊस जास्त बसला. मी म्हटलं, “काका, निदान उंबर तरी ठेवा.” ते म्हणाले, “उंबराला काय भाव मिळतो, सांग.” पुढं २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आली. पुणे शहरात आंबिल ओढ्यानं जे केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याच रात्री इकडे काकांचं अकरा गुंठे रान गेलं. वरची अडीच हात काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. त्यांच्या वरच्या अंगाला भाऊबंदांची पडीक, झाडोऱ्यानं गच्च पट्टी होती. तिथं काठ होता तिथंच राहिला, उलट बोटभर गाळ बसला.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथंच चुकतात. काठ पूर चढताना कमी आणि ओसरताना जास्त ढासळतो. पूर असतो तोवर पाणी दरडीला बाहेरून टेकू देतं. ते झपाट्यानं उतरतं, पण दरडीत मुरलेलं पाणी तेवढ्या लवकर निघत नाही. माती जड झालेली, बाहेरचा टेकू गेलेला. मग आख्खी ढेप खाली बसते. मुळं असली की तीच माती विणलेल्या दोरखंडासारखी धरून राहते. गवताची मुळं वरची वीतभर-हातभर माती धरतात, झाडाझुडपांची मुळं त्याच्याही खालची. म्हणून दोन्ही हवीत. नुसतं गवत किंवा नुसती झाडं पुरत नाहीत.

दुसरं म्हणजे ओढा सरळ केला की त्याचा उतार वाढतो आणि पाण्याला धाव मिळते. ते तुमचा तळ खरवडतं, खालच्या शेतकऱ्याचा काठ खातं, आणि खोल झालेला तळ हळूहळू वरच्या बाजूला सरकत जातो. वळण होतं तेच बरं होतं.

हिशेब करू. तुमचा काठ शंभर मीटर लांब आहे. त्याला तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट पट्टी सोडली तर जागा जाते तीनशे चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठे. काकांचे अकरा गेले. आणि ती तीन गुंठेही पुष्कळदा तुमची नसतात. सातबाऱ्यावर पोटखराबा ‘ब’ (लागवडीखाली न धरलेली जागा) बघा. त्यात ओढ्याची जागा लागलेली असते आणि ओढा सरकारी असतो.

काठच्या झाडोऱ्यावर जगभर संशोधन झालंय. त्यातलं एकच सांगतो, कारण ते आपल्या खिशाशी जोडलेलं आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात पीटरजॉन आणि कॉरेल या दोघांनी मक्याचं रान आणि ओढा यांच्यामधल्या झाडीच्या पट्टीतून काय-काय वाहतं ते मोजलं. १९८४ साली ते छापून आलं. रानातून झाडीत आलेल्या नत्रापैकी ८९ टक्के तिथंच अडलं, स्फुरद ८० टक्के. काही मुळांनी उचललं, आणि ओल्या मातीतल्या जिवाणूंनी नायट्रेटचा वायू करून ते हवेत सोडलं. त्यांची पट्टी आपल्या दहा फुटांपेक्षा पुष्कळ रुंद होती. जमीन वेगळी, पाऊस वेगळा. तोच आकडा आपल्याकडे येईल असं मी म्हणणार नाही. पण युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत वीस किलोच्या वर नत्र असतं. ते जोराच्या पावसात ओढ्यात गेलं की खालच्या बंधाऱ्यात जलपर्णी माजते, आणि पीक पिवळं पडलं म्हणून तुम्ही दुकानातून दुसरी पिशवी आणता. यात फायदा कुणाचा, तो तुम्हीच बघा.

ओढ्याच्या आतला संसारही या काठावरच चालतो. वरून पडलेला पाला पाण्यात कुजतो, त्यावर बारीक किडे पोसतात, त्या किड्यांवर चतुरांची पिल्लं, बेडूक, मासे. सावली गेली की पाणी तापतं. २० अंशाला लिटरभर पाण्यात प्राणवायू नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशाला साडेसातच. इंद्रायणीला देहूच्या डोहात देवाच्या नावानं मासे राखलेले असतात, तिथं मासे मेल्याची बातमी अधूनमधून येते. तिथं शहराची, कारखान्यांची घाणही आहे, सगळा दोष काठाचा नाही. पण तापलेल्या, सावली नसलेल्या पाण्यात मासा आधीच अर्धमेला असतो. मासे-बेडकांशी आपल्याला काय करायचंय म्हणाल, तर बेडूक आणि चतुर भातातले किडे-पतंग फुकट खातात, आणि काठच्या झाडावरचा कोतवाल पक्षी दिवसभर अळ्या-टोळ टिपतो. त्याला बसायला फांदी तर ठेवा.

“झाडं ठेवली की हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) येते” ही तक्रार दर वर्षी येते. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात हे खरं. पण झाड तोडलं तर ते शेजारच्या झाडावर जातील, आणि अंडी तुमच्याच उसात घालतील. उलट काठचं झाड हाच सापळा समजा. पहिल्या दमदार पावसानंतर रोज संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान खाली कापड अंथरा, फांद्या काठीनं हलवा, पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एकट्यानं नको, आख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात करा. जमिनीत मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) हेक्टरी २० किलो, शेणखतात मिसळून, ओल असताना. माझा अंदाज असा की वळवानंतर दोन दिवस उकाडा झाला की तिसऱ्या संध्याकाळी भुंगे सगळ्यात जास्त निघतात. हे पुस्तकात नाही, पण मला फारसं चुकलेलं आठवत नाही.

आता दुकानाचं. काठ साफ करायला तणनाशक मारा, असं सांगणारे भेटतील. ग्लायफोसेट गवताला मुळापासून मारतं, म्हणजे काठाची विणच उसवते, आणि फवारा थेट पाण्यात पडतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरताच ठेवण्याचा आदेश काढला, तरी बाटली सर्रास हातात दिली जाते. परवा एका दुकानात ‘माती बांधणारी’ पावडर दाखवली, किलोला साडेसातशे. पिशवीवर घटक काय, तर एक ओळ धड वाचता आली नाही. माती बांधायला वाळ्याची मुळी आहे. ती शेजाऱ्याकडून फुकट मिळते.

काठ आधीच सोललेला असेल तर आता काय करायचं, ते सांगतो. इथं घाई करा.

पाण्याच्या अगदी कडेला, दरडीच्या पायथ्याशी: वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन-तीन फुटी फांद्या अर्ध्यापेक्षा जास्त मातीत जातील अशा तिरप्या खोचा. शेंड्याची बाजू वर, हे सांगायला लागू नये, पण लागतं. खडकाळ ओढ्यात शेरणीचं झुडूप मिळालं तर सोन्याहून पिवळं, पुरात ते वाकतं, उपटत नाही. पाय धरला की अर्धं काम झालं.

दरडीच्या उतारावर: वाळा, समपातळीत ओळ धरून, दोन ठोंबांत १० ते १५ सेंमी. मध्ये निर्गुडीच्या फांद्या. हरळी, मारवेल आपोआप येईल, तिला हात लावू नका. कापायचंच असेल तर विळ्यानं, खुरप्यानं नाही.

वर, रानाच्या बाजूला: करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. मोठं झाड दरडीच्या ओठावर लावू नका, वजनानं काठ घेऊन पडतं. मोकळ्या जागेत मानवेल बांबू पाच मीटरवर. २०१७ पासून वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, तोडायला परवानगीची कटकट नाही. आणि उंबर तिथं पाणी, असं म्हातारी माणसं सांगायची. विहीर काठालगत असेल तर मी तरी उंबर तोडणार नाही.

नीलगिरी नको, सुबाभूळ नको. बेशरम तर अजिबात नको. कुंपणाला म्हणून लावतात, तुटलेला तुकडा वाहत जाऊन दोन मैलांवर रुजतो, आणि शेळ्यांनी खाल्ली तर विषबाधा. आधीची असेल तर मुळासकट काढून वाळवून जाळा, पण त्याच दिवशी त्या जागी वाळा लावा. काठ एक रात्रही उघडा नको.

बाकीची या पंधरवड्याची कामं, थोडक्यात:

– भात रोपवाटिका: ३ टक्के मिठाचं पाणी (१० लिटरला ३०० ग्रॅम), तरंगणारं बी फेका. थायरम ३ ग्रॅम प्रति किलो.
– बाजरी: २० टक्के मिठाचं द्रावण, अरगट रोगासाठी. बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन घ्या.
– सोयाबीन: उगवणशक्ती घरच्या घरी तपासा. रायझोबियम व स्फुरद जिवाणू प्रत्येकी २५० ग्रॅम, १० किलो बियाण्यास.
– पेरणी: ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय नाही.
– भाताला युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या गोळ्या) हेक्टरी १७० किलो, लावणीच्या वेळी चार चुडांमध्ये एक. वाहून जाणं कमी.
– बांधाच्या फुटी, सांडवे दुरुस्त करा.
– फवारणी पंप ओढ्यात धुऊ नका.

जनावरं पाण्यावर न्यायची वाट एकच ठेवा, दगड टाकून. दहा ठिकाणी खुरांनी काठ फुटला की पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं, मग वर लावलेला वाळा काय करणार? आणि डुकरांचा त्रास खरोखर मोठा असेल तर काठ सोलण्याऐवजी खालच्या फांद्या कमरेइतक्या उंचीपर्यंत छाटा. आत नजर पोचते, मुळं शाबूत राहतात.

वाळ्याचे ठोंब काढायचे तर पहिल्या पावसानंतरचे चार दिवस चांगले. मुळी तीन बोटं ठेवून, पात वीतभर छाटून, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि संध्याकाळीच लावा. ज्यांच्या रानाला ओढ्याचं बाहेरचं वळण आहे, त्यांनी सुरुवात त्या वळणापासून करावी. पाण्याचा पहिला धक्का तिथंच बसतो.